प्रश्नापासून वर्किंग पेपरपर्यंत: विद्यापीठाच्या संस्थेत अर्थशास्त्रीय संशोधन कसं करावं

विषय ठरला की संशोधनाचा प्रश्न ठरला, असं धरून बरेच जण संस्थेत दाखल होतात. 'ग्रामीण रोजगार', 'सूक्ष्मकर्ज', 'मुलींचं शिक्षण'. अशा विषयावर आयुष्यभर वाचत राहता येतं, पण पेपर लिहिता येत नाही. पेपरला प्रश्न लागतो, आणि आमच्या शास्त्रात प्रश्नाच्या तळाशी बहुतेक वेळा एक तुलना असते: जे घडलं ते, आणि ते घडलं नसतं तर जे झालं असतं ते. यातली दुसरी बाजू कुणालाच दिसत नाही, ती कशाच्या तरी आधारे उभी करावी लागते. तो आधार कोणता, हे डेटाची पहिली फाईल उघडण्याआधी एका वाक्यात लिहून काढा. पुढचं सगळं या वाक्यावर उभं राहतं.

पीएचडीच्या सुरुवातीला असलेल्यांसाठी आणि संस्थेत रिसर्च असिस्टंट म्हणून नुकतेच लागलेल्यांसाठी हे लिहिते आहे. आकडेवारीवर आधारलेल्या संशोधनाची ही वाट आहे. निव्वळ सैद्धांतिक काम करणाऱ्यांची वेगळी असते.

एका पानात प्रश्न

आधी एकच पान लिहा. त्यात प्रश्न हवा, तुलना हवी, डेटा कुठून मिळणार ते हवं, आणि उत्तर आल्यावर कुणाचं कोणतं मत बदलेल हे हवं. शेवटची गोष्ट लिहिताना हात अडखळला तर प्रश्न अजून कच्चा आहे असं समजा. माझी नेहमीची कसोटी अशी: 'काहीच परिणाम झाला नाही' असं उत्तर निघालं, तरी तो पेपर कुणी वाचेल का? वाचेल, असं वाटत असेल तर प्रश्न चांगला. एकाच बाजूचं उत्तर आलं तरच ज्या प्रश्नाला अर्थ आहे, त्याच्यावर काम करणारा माणूस नकळत त्या बाजूला झुकत जातो.

वाचन या पानासोबतच चालू ठेवा. अर्थशास्त्रात पेपर जर्नलमध्ये छापून येईपर्यंत कित्येकदा काही वर्षं जातात, म्हणून ताजं काम वर्किंग पेपरच्या, म्हणजे जर्नलआधी खुल्या केलेल्या मसुद्याच्या, रूपात शोधावं लागतं. रेपेक हा खुला संग्रह आणि अमेरिकेतल्या एनबीईआर या संशोधन संस्थेची वर्किंग पेपर मालिका या दोन ठिकाणांहून सुरुवात करा. पेपरांची विषयवार वर्गवारी करणाऱ्या जेईएल कोडची ओळख करून घ्या. 'जे' म्हणजे श्रम आणि लोकसंख्या, 'ओ' म्हणजे विकास, 'क्यू' म्हणजे शेती आणि पर्यावरण. अक्षराच्या पुढच्या आकड्यांनी उपविषय कळतो. प्रत्येक पेपरवर तीन ओळींची टीप पुरते: तुलना कशाशी केली, डेटा कोणता, सर्वांत कमकुवत दुवा कुठे. सारांश लिहीत बसू नका. सहा महिन्यांनी उपयोगी पडते ती तिसरी ओळ.

तुलना उभी करणं

या पायरीवर जास्त वेळ थांबायला हवं, म्हणून एक प्रसिद्ध पेपर नीट उलगडून दाखवते. १ एप्रिल १९९२ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने तासाचं किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५ वरच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रुगर यांनी न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनिया मिळून फास्ट-फूडची ४१० दुकानं निवडली आणि वाढीच्या आधी एकदा, नंतर एकदा अशी माहिती घेतली. पेपर १९९४ साली आला. पूर्णवेळ कामगार एक आणि अर्धवेळ कामगार अर्धा असं मोजलं तर न्यू जर्सीत दर दुकानामागे सरासरी २०.४४ कामगार होते, ते २१.०३ झाले. पेनसिल्व्हेनियात २३.३३ होते, ते २१.१७ झाले.

नुसतं न्यू जर्सी पाहिलं तर ०.५९ ची वाढ दिसते. पण त्या काळात अर्थव्यवस्थेत इतरही बरंच काही चालू होतं, त्यामुळे ती वाढ वेतनवाढीच्या नावावर टाकता येत नाही. वेतनवाढीनंतरची दोन राज्यं शेजारीशेजारी ठेवली तर फरक जवळजवळ शून्य, पण ती मुळातच सारखी नव्हती. म्हणून दोन्ही राज्यांत झालेला बदल काढायचा आणि एकातून दुसरा वजा करायचा: ०.५९ वजा उणे २.१६. पूर्णांकनामुळे पेपरात उत्तर २.७६ असं छापलंय. वेतन वाढवल्यावर रोजगार घटायला हवा, या पाठ्यपुस्तकी अपेक्षेच्या हे उलट होतं.

आता या चार आकड्यांकडे पुन्हा बघा. न्यू जर्सीतला बदल लहान आहे, २.७६ मधला मोठा वाटा पेनसिल्व्हेनियातल्या घटीतून आला आहे. म्हणजे निष्कर्षाचा सगळा भार एका गृहीतकावर पडतो: वेतन वाढलं नसतं, तर न्यू जर्सीतला रोजगारही पेनसिल्व्हेनियासारखाच घसरला असता. हे सिद्ध करता येत नाही, त्याच्या बाजूने पुरावा मात्र गोळा करता येतो. आधीच्या काही वर्षांत दोन्हीकडची चाल समांतर होती का? त्याच राज्यातल्या, आधीपासूनच ५ डॉलर किंवा जास्त देणाऱ्या दुकानांत काय झालं? (कार्ड आणि क्रुगर यांनी ही दुसरी तुलनाही केली होती, आणि माझ्या मते पेपरातला तो सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे.) पुढे डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी दुकानांच्या पगारपत्रकांवरून उलट निष्कर्ष काढला, कार्ड आणि क्रुगर यांनी सरकारी नोंदींच्या आधारे उत्तर दिलं. दोन्ही लेख २००० साली मूळ पेपराच्याच जर्नलमध्ये छापले गेले. वाद ज्या डेटावरून पेटला, तो फोनवरून विचारलेल्या प्रश्नांचा होता. म्हणून मोजमाप कसं झालं, हा भाग तळटीपेत ढकलू नका.

बाकीच्या पद्धती याच कामाची वेगवेगळी हत्यारं आहेत. चिठ्ठ्या टाकून गट पाडता आले तर तुलना आपोआप न्याय्य होते, पण ते दर वेळी शक्य नसतं. एखादा लाभ ठरावीक गुणांच्या किंवा उत्पन्नाच्या रेषेवरून मिळत असेल, तर रेषेच्या किंचित वरचे आणि किंचित खालचे एकमेकांशी ताडून पाहता येतात. मात्र लोक मुद्दाम रेषेच्या एका बाजूला गर्दी करत नाहीत ना, हे आधी तपासा. इन्स्ट्रुमेंट (ज्या कारणाचा परिणाम शोधायचा त्याला बाहेरून हलवणारी गोष्ट) वापरणार असाल तर ते तुम्हाला हव्या त्या एकाच मार्गाने परिणाम करतं, हे शब्दांत पटवून द्यावं लागेल. कोणतीही आकडेवारी ते पूर्णपणे पटवू शकत नाही.

कायदा किंवा योजना वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या वर्षी लागू झाली असेल, तर विशेष सावध राहा. जुन्या सवयीचं रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांत बसवण्याची पद्धत) अशा वेळी आधी लाभ मिळालेल्या ठिकाणांनाच नंतरच्यांसाठी तुलनेचा गट म्हणून वापरतं, आणि परिणाम काळासोबत बदलत असेल तर उत्तर वाकडं येतं. अँड्रू गुडमन-बेकन यांनी २०२१ मध्ये हे फोड करून दाखवलं. त्याच सुमाराला आलेल्या कॅलवे आणि संत'अॅना यांच्यासारख्या दुरुस्त पद्धती स्टाटा आणि आर या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये सहज मिळतात.

स्वतः सर्व्हे करणार असाल तर

माणसांना प्रश्न विचारायचे असतील, तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या. काम सुरू झाल्यावर मागितलेली मंजुरी चालत नाही. प्रयोग असेल तर गृहीतकं आणि विश्लेषणाचा आराखडा आधी नोंदवून ठेवा. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची नोंदवही २०१३ पासून त्यासाठी खुली आहे.

नमुन्याचा आकार ठरवताना बहुतेकांची फसगत होते ती एकाच गावातली माणसं एकमेकांसारखी असतात हे विसरल्यामुळे. समजा १०० गावांतून प्रत्येकी २० घरं घेतली. कागदावर २,००० घरं. गावातल्या घरांमधलं साम्य (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे सगळी एकसारखी) ०.१ इतकं असेल, तर दर गावातल्या घरांच्या संख्येतून एक वजा करून त्याला या साम्याने गुणायचं आणि एक मिळवायचं: १ अधिक १९ गुणिले ०.१, म्हणजे २.९. २,००० ला २.९ ने भागा. माहितीच्या हिशोबाने तुमच्याकडे सुमारे ६९० घरं आहेत. त्याच खर्चात गावं वाढवून दर गावातली घरं कमी करता आली तर करा. कोणता परिणाम पकडता येईल, याचा अंदाज अपेक्षित स्टँडर्ड एररला (उत्तरातली अनिश्चितता मोजणाऱ्या आकड्याला) २.८ ने गुणून मिळतो. येणारा आकडा वास्तवात शक्य वाटत नाही इतका मोठा असेल, तर सर्व्हेवर पैसे घालू नका.

दुसऱ्याचा डेटा वापरणार असाल तर

बहुतेक पीएचडी अशाच डेटावर होतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. जागतिक बँकेचा राहणीमानाच्या सर्व्हेंचा एलएसएमएस कार्यक्रम १९८० साली सुरू झाला, डीएचएस हा आरोग्य आणि लोकसंख्येच्या सर्व्हेंचा कार्यक्रम १९८४ साली. अडचण अशी की, फाईल उतरवली की हात लगेच रिग्रेशनकडे वळतो. आधी प्रश्नावली वाचा, मग कोडबुक (कोणत्या रकान्यात काय आहे त्याची यादी), मग नमुना कसा निवडला त्याचं प्रकरण. हे कंटाळवाणं वाटतं, पण पुढे सेमिनारमध्ये उभं राहिल्यावर आधार याचाच असतो.

डीएचएसचंच घेऊ. महिलांच्या फाईलमध्ये वेट, म्हणजे हिशोबात प्रत्येक महिलेला किती वजन द्यायचं तो आकडा, व्ही००५ या रकान्यात असतं, पण ते दशांशचिन्हाशिवाय साठवलेलं असतं. वापरण्याआधी त्याला १०,००,००० ने भागावं लागतं. सरासरी काढताना भागायचं राहिलं तरी उत्तर तेच येतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. एकूण संख्या काढायला गेलात की गोंधळ होतो. दुसरी गोष्ट जागेची. घरांचा ठावठिकाणा उघड होऊ नये म्हणून नकाशावरचे बिंदू मुद्दाम हलवलेले असतात: शहरात २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात ५ किलोमीटरपर्यंत, आणि ग्रामीण बिंदूंपैकी १ टक्का १० किलोमीटरपर्यंत. हे माहीत नसताना कुणी 'शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुली' असा गट पाडला, तर त्या गटाला काही अर्थच राहत नाही. ही माहिती कागदपत्रांत स्पष्ट दिलेली असते, न वाचताच पुढे जाणारे मात्र खूप.

कागदपत्रं वाचून झाली की एक छोटं काम करा: त्या सर्व्हेच्या अधिकृत अहवालातला एखादा साधा आकडा, समजा साक्षरतेचं प्रमाण, स्वतःच्या कोडने काढून पाहा. जुळला तर वेट, वयाची मर्यादा आणि फाईलींची जोडणी बरोबर आहे याची बऱ्यापैकी खात्री होते. जुळला नाही तर तिथेच थांबा. कारण सापडेपर्यंत पुढे सरकू नका.

फोल्डर आणि कोड

मूळ डेटाचा फोल्डर वेगळा ठेवा आणि त्यातल्या फाईलींना कधीही हात लावू नका. साफसफाई, विश्लेषण आणि तक्ते यांच्या वेगवेगळ्या कोड-फाईली करा; एक मुख्य फाईल त्या सगळ्या क्रमाने चालवेल. पेपरातला प्रत्येक आकडा कोडमधून निघायला हवा, हाताने टाइप केलेला एकही नको. गिट हे फाईलींच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरायला शिका. सुरुवातीला ते जड जातं, पण 'अंतिम_नवा_२' अशा नावांच्या फाईलींपासून कायमची सुटका होते.

हा आग्रह कशासाठी, ते एका घटनेवरून कळेल. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० साली एक पेपर लिहिला. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की विकासदर बराच खाली येतो, असं त्यात होतं, आणि काटकसरीच्या धोरणांच्या बाजूने तो जगभर उद्धृत झाला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅम्हर्स्ट शाखेतला थॉमस हर्न्डन हा विद्यार्थी अभ्यासक्रमातला स्वाध्याय म्हणून ते आकडे पुन्हा काढायला बसला. ते जुळेनात. लेखकांनी त्यांची स्प्रेडशीट पाठवली, तेव्हा दिसलं की सरासरीच्या सूत्रात यादीतले पहिले पाच देश आलेच नव्हते: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क. सरासरी काढण्याची रीत आणि काही वर्षांचा वगळलेला डेटा हे आणखी दोन आक्षेप होते. हर्न्डन, मायकेल अॅश आणि रॉबर्ट पोलिन यांच्या २०१३ च्या हिशोबात ९० टक्क्यांवरच्या कर्जासोबतचा सरासरी विकासदर उणे ०.१ नव्हे, तर २.२ टक्के आला. स्प्रेडशीटमधली चूक मूळ लेखकांनी मान्य केली. जास्त कर्जासोबत विकास मंदावतो हे म्हणणं मात्र त्यांनी सोडलं नाही.

यातून प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने एक काम उचलावं असं मला मनापासून वाटतं: आपल्या विषयातला एक छापलेला पेपर घ्या आणि त्याचा मुख्य तक्ता शून्यापासून पुन्हा तयार करा. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची जर्नल्स २०१९ पासून छापण्याआधीच डेटा आणि कोड तपासून घेतात, त्यामुळे त्यांच्या पेपरांची सामग्री व्यवस्थित मिळते. या एका कामातून एवढं शिकायला मिळतं की अर्थमितीचा अख्खा कोर्स त्यापुढे फिका पडावा.

रिग्रेशन आणि त्याचं वाचन

रिग्रेशनच्या आधी आलेख काढा. परिणाम खरोखर असेल तर तो बहुतेक वेळा साध्या सरासरींच्या आलेखातही डोकावतो. आलेखात काहीच नाही आणि दहा नियंत्रक चलं टाकल्यावर मात्र तारा (तक्त्यातली सांख्यिकी सार्थकतेची खूण: असा आकडा निव्वळ योगायोगाने येणं अवघड) झळकतो, तेव्हा संशय घ्या.

स्टँडर्ड एरर ज्या पातळीवर धोरण लागू झालं त्या पातळीवर क्लस्टर करा, म्हणजे त्या पातळीवरच्या सगळ्या नोंदींचा एक गठ्ठा धरून काढा. कायदा राज्याचा असेल तर राज्यावर, व्यक्तीवर नाही. मारियान बर्ट्रांड, एस्तेर दुफ्लो आणि सेंधिल मुल्लयनाथन यांनी २००४ च्या पेपरात अमेरिकी राज्यांना अस्तित्वात नसलेले, खोटे कायदे यदृच्छेने लावून पाहिले. नेहमीच्या पद्धतीने ५ टक्के पातळीवर 'परिणाम' सापडायला हवा होता सुमारे ५ टक्के वेळा. तो सापडला ४५ टक्क्यांपर्यंत. हाच प्रयोग तुमच्या डेटावर करून बघा, अर्ध्या दिवसात होतो. क्लस्टर मोजकेच असतील, तर नेहमीचं सूत्र पुरत नाही. वाइल्ड बूटस्ट्रॅपकडे (हाताशी असलेल्या डेटातूनच पुन्हा पुन्हा नवे नमुने बनवून अनिश्चितता मोजण्याच्या पद्धतीकडे) वळा.

रिग्रेशनमधून आलेला सहगुणक वाचतानाही घाई नको. अवलंबित चल (ज्याच्यावरचा परिणाम मोजायचा ते) लॉगमध्ये आणि सहगुणक ०.४० असेल तर परिणाम ४० टक्के नसतो, सुमारे ४९ टक्के असतो. लहान आकड्यांना हा फरक जाणवत नाही, मोठ्यांना जाणवतो. ताऱ्यांकडे तर मुळीच पाहू नका. परिणाम किती मोठा आणि अनिश्चितता किती, एवढं बघा. आबेल ब्रोदर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तीन आघाडीच्या जर्नल्समधल्या सुमारे ५०,००० चाचण्या तपासल्या, तेव्हा सार्थकतेच्या उंबरठ्याच्या जरा अलीकडे खड्डा आणि लगेच पलीकडे उंचवटा दिसला. तो खड्डा मॉडेलमागून मॉडेल बदलत राहण्यातून तयार होतो. तुम्ही चालवलेली सगळी मॉडेलं परिशिष्टात द्या, न जुळणारीसुद्धा.

गाईड, सहकारी, सेमिनार

संस्थेत असण्याचा खरा फायदा माणसांमध्ये आहे. गाईडना भेटायला जाताना एक पान आधी पाठवा: मागच्या भेटीत काय ठरलं, त्यातलं काय झालं, आज कोणता निर्णय हवा आहे. 'सर, काम चालू आहे' असं सांगून परत येण्यासारखा वेळेचा अपव्यय नाही. गाईड बोलतात ते लिहून घ्या आणि संध्याकाळी चार ओळींची मेल टाका. कुणाला काय समजलं याचे घोळ तिथेच मिटतात.

अर्थशास्त्राच्या सेमिनारमध्ये पहिल्या स्लाइडपासूनच लोक मधे बोलतात. हा तिथला रिवाज आहे, मनाला लावून घेऊ नका. पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न, तुलना आणि मुख्य उत्तर सांगून टाका, म्हणजे निदान चर्चा योग्य गोष्टीवर होईल. बोलताना स्वतःला प्रश्न लिहून घेता येत नाहीत, म्हणून एका मित्राला त्या कामावर बसवा. दुसऱ्याच दिवशी ती यादी घेऊन बसा. एकच शंका तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारली असेल, तर ती पेपराच्या प्रस्तावनेत उत्तरासकट आली पाहिजे.

लिहिणं आणि पाठवणं

प्रस्तावना शेवटी लिहायची, हा सल्ला मला पटत नाही. ती सुरुवातीलाच लिहा आणि दर महिन्याला पुन्हा लिहा. दुसऱ्या पानाच्या शेवटापर्यंत वाचणाऱ्याला उत्तर आकड्यासकट कळायला हवं. 'लक्षणीय परिणाम आढळला' असं लिहू नका. किती, कुणावर, कशाच्या तुलनेत, ते लिहा. आधीच्या साहित्याचं वेगळं लांबलचक प्रकरण प्रबंधात शोभतं, पेपरात नाही. मर्यादा सांगताना तुमच्या तुलनेला खरोखर धक्का लावू शकेल अशी एक गोष्ट घ्या आणि तिच्याबद्दल काय काय तपासलं ते सविस्तर सांगा. 'नमुना आणखी मोठा हवा होता' हे वाक्य सगळेच लिहितात.

मसुदा संस्थेच्या वर्किंग पेपर मालिकेत टाका, म्हणजे तो रेपेकवर दिसू लागतो आणि जर्नलची वाट पाहण्याच्या काळातही लोक तो वाचू शकतात. सोबत कोडचा फोल्डर आणि एक रीडमी द्या: कोणती फाईल आधी चालवायची, सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती, साधारण किती वेळ लागतो, आणि डेटा स्वतःहून वाटण्याची परवानगी नसेल तर तो कुठे अर्ज करून मिळतो. तो फोल्डर पाठवण्याआधी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या संगणकावर एकदा चालवून पाहा. तुमच्या संगणकाचा पत्ता कोडमध्ये कुठेतरी राहून गेलेला असतो, तो तिथे सापडेल.

जर्नलकडून रेफरींचे शेरे आले की प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवून घ्या आणि त्याखाली काय बदललं ते पान क्रमांकासह लिहा. रेफरीला तुमचा मुद्दा कळला नाही असं वाटत असेल, तर तो परिच्छेद नव्याने लिहा, कारण पुढचा वाचकही तिथेच अडेल. नकार आला तर शेऱ्यांतलं उपयोगी तेवढं दुरुस्त करून पेपर दुसऱ्या जर्नलकडे पाठवा, आणि वर्किंग पेपरची आवृत्तीही त्याच वेळी बदला.